घरातला वनवास

सकाळी कामावर निघण्याआधी मुलगा हातात पातळ कागदाची पट्टी धरून खोलीभर हिंडायचा. खिडकीच्या फटीशी धरायचा, दाराखाली धरायचा, भिंतीतून वायर आत येते त्या भोकाशी धरायचा. पट्टी हलली नाही की त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं.

"वारा मेला," तो म्हणायचा, आणि पलंगावर उशीला टेकून बसलेले वडील मान डोलवायचे. घरात शिरणारं एखादं उपद्रवी जनावर कायमचं गेलं, अशी ती मान डोलायची.

मुलगा एसी बसवायचा आणि दुरुस्त करायचा. खोली गार करायची तर आधी ती बंद करायची, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. तो त्याच्या हाडांत इतका मुरला होता, की कुणाच्याही घरात पाऊल टाकलं तरी नजर आधी फटींवर जायची आणि माणसांवर मग. पण या खोलीत एसी नव्हता. होतं ते स्टुलावर ठेवलेलं एक गोलमटोल पांढरं यंत्र. त्याच्या पोटात पाणी, पाण्यात तेलाचे थेंब, आणि तोंडातून दिवसभर निघणारी वाफ. शेजारी कुपी. कुपीवर हिरवंगार रान छापलेलं, इतकं हिरवं की रानालाही लाज वाटावी. गार हवा वाया जाऊ नये म्हणून जी चिकटपट्टी तो गिऱ्हाइकांच्या खिडक्यांना लावायचा, तीच त्याने वडिलांच्या खिडकीला लावली होती. रान वाया जाऊ नये म्हणून.

वडील पाट्या रंगवणारे. सगळे त्यांना पेंटर म्हणायचे. बायकोही लाडात आली की पेंटरच म्हणायची. दुकानांच्या पाट्या, दवाखान्यांच्या पाट्या, 'येथे गाड्या उभ्या करू नयेत'च्या पाट्या. आयुष्य शिडीवर गेलं, पाठीवर ऊन आणि तोंडावर वारा घेत. मग थंडीत छाती भरली, न्यूमोनिया झाला, आणि शिडीवरचा माणूस दवाखान्याच्या खाटेवर आडवा झाला. परत आला तो हलका होऊन, कपड्यांच्या घडीसारखा. जिना चढताना मुलाने त्यांना पाठीवर घेतलं होतं, आणि वजन जाणवलंच नव्हतं.

घरी सोडताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की गोळ्या चालू ठेवा, आणि जमेल तेव्हा यांना झाडांत न्या, मोकळ्या हवेत. झाडं आपल्या बचावासाठी हवेत वास सोडतात, कीड आणि बुरशी लांब राहावी म्हणून. माणूस त्या झाडांत हळूहळू हिंडला, की त्याचा रक्तदाब उतरतो, झोप गाढ लागते, अंगातले रोगाशी झुंजणारे शिपाई जागे होतात, असं पाहणाऱ्यांना दिसून आलंय. औषधाऐवजी नव्हे, औषधाच्या जोडीला, असंही त्या म्हणाल्या होत्या.

मुलाच्या मनात यातलं एकच रुतलं. बुरशी लांब राहते.

त्याला कारण होतं. आदल्या साली त्याची आई गेली, तीही छातीच्याच दुखण्याने. ती गेल्यावर कपाट सरकवलं तर मागची भिंत काळीकुट्ट, बुरशीने भरलेली. केवळ त्यामुळे काही त्या गेल्या नाहीत, असं डॉक्टरांनी परोपरीने सांगितलं. पण मुलाने ती भिंत नखांतून रक्त येईस्तोवर खरवडली, आणि तेव्हापासून हवेशी त्याचं वैर जडलं. म्हणून 'मोकळ्या हवेत' हे शब्द दवाखान्याच्या जिन्यातच गळून पडले. तो घरी आला तो झाडांचा वास तेवढा घेऊन. उन्हाळा तोंडावर होता. त्याच्या खिशातला फोन दर घटकेला किंचाळायचा. वडिलांना रानात न्यायला त्याला सवड कुठली? मग रानच घरी आणावं, इतकं साधं त्याचं गणित.

पहिल्या दिवशी वाफ नाकात गेली आणि पेंटरांना हसू आलं. वास ओळखीचा निघाला. टर्पेंटाइनचा. चीड म्हणतात त्या झाडाच्या चिकातून जे काढतात, ज्यात त्यांनी जन्मभर ब्रश बुचकळले, ज्याने हात पुसले, ज्याच्यावरून बायकोने कितीदा नाक मुरडलं, तेच ते. शिडीवर असताना वारा तो वास अलगद उचलून न्यायचा. इथे तो पाहुण्यासारखा आला, मांडी घालून बसला आणि उठायचं नाव घेईना. दुपारपर्यंत कपाळ ठणकू लागलं. संध्याकाळपर्यंत घशात काथ्या घासल्यासारखं झालं. मुलगा आला, वाफेकडे पाहत बसला आणि म्हणाला, "बाबा, रंग उजळलाय तुमचा."

इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदा हसला होता. पेंटरांनी जिभेवर आलेलं गिळलं.

एकदा गिळलं की मग रोज गिळावं लागतं. त्यांनी खोकला लपवायला सुरुवात केली. मुलगा घरी असला की उशीत खोकायचे, नाहीतर न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचे आणि पाण्याच्या आवाजाआड खोकायचे. न्हाणीघरात वरच्या बाजूला काचेच्या पट्ट्यांचा एक झरोका होता, ताटाएवढा. त्याखाली बादली पालथी घालून ते बसायचे, तोंड वर करून, पिलाने चोच उघडावी तसं. झरोक्यातून यायचं ते काही रान नव्हतं. खालच्या गटाराचा, कुणाच्या तरी साबणाचा, गरम डांबराचा वास यायचा. पण तो यायचा आणि जायचा. राहायचा नाही.

खोलीच्या दाराला बाहेरून कडी नव्हती. हेच तर अवघड होतं. कडी असती तर माणसाने दार ठोठावलं असतं. दाराखाली फक्त एक जुनी चादर गुंडाळून ठेवलेली होती, पायाने सहज सरकेल अशी. पेंटर तिच्याकडे तासन्‌तास बघत बसायचे. ती सरकवली आणि परत नीट बसली नाही, तर सकाळी मुलाची पट्टी हलणार. पट्टी हलली, तर मुलाचा चेहरा पडणार. त्या पडलेल्या चेहऱ्यापुढे जाऊन उभं राहण्यापेक्षा डोकं ठणकलेलं परवडलं.

बापाच्या न्हाणीघराच्या फेऱ्या मुलाच्या ध्यानात आल्या. आधी त्याने पोटाचं औषध आणलं. कडू होतं, पेंटरांनी तेही निमूटपणे घेतलं. त्याने फरक पडला नाही तेव्हा मुलाने न्हाणीघरात जाऊन पट्टी वर धरली. ती फडफडली.

"इथून गार वारा लागतोय तुम्हाला. म्हणून पोट बिघडतंय," तो म्हणाला, आणि स्वतःवरच चिडला की हे आधी कसं दिसलं नाही. जेवण व्हायच्या आत त्याने झरोक्यावर प्लास्टिकचा जाड कागद ताणून चहूबाजूंनी चिकटपट्टी मारली. सुबक काम केलं. कुठे सुरकुती नाही.

त्यानंतर पेंटर न्हाणीघरात गेले की भिंतीला कपाळ टेकून उभे राहायचे. भिंतीवरची फरशी तेवढी थंड लागायची.

याच दिवसांत आक्काचा फोन आला. आक्का पेंटरांची थोरली बहीण. दुसऱ्या गावी राहायची, एका कानाने कमी ऐकायची, आणि बोलता बोलता ओळी जुळवायची तिला खोड होती. भाजीवालीशी घासाघीस करतानाही यमक साधायची. फोन मुलाने घेतला. पेंटर आतून ऐकत होते. भाचा उत्साहाने सांगत होता की आत्या, तू काही काळजी करू नकोस, बाबांना घरच्या घरी वनवास चालू केलाय, चांगला मानवलाय त्यांना, अजून बरेच दिवस चालू ठेवणार आहे.

पलंगावर पेंटरांना त्याही अवस्थेत गंमत वाटली. ही पाटी रंगवायची झाली तर 'वन' आणि 'वास' यांत ब्रशभर जागा सोडायला हवी, नाहीतर लोक भलतंच वाचायचे, असं त्यांच्या मनात आलं. पण फोनवर जागा कशी सोडणार? पलीकडे आक्का गप्प झाली, मग फोन बंद झाला. मुलाला वाटलं, रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का दारात उभी. बसचा धुरळा अंगावर, काखोटीला पिशवी, डोळे लाल. मुलगा नेमका जेवायला घरी आलेला. पाण्याचा पेला पुढे केला तर तिने तो घेतला नाही.

"सख्ख्या बापाला वनवास देतोस?" ती म्हणाली. "आणि वर मला फोन करून सांगतोस, काळजी करू नको?"

मुलगा गोंधळला. फोन तिनेच केला होता, हे सांगायचं की वनवासाचं सांगायचं, हेच त्याला कळेना. आक्काचा पट्टा सुटला होता. तिने त्याला पाळण्यात असताना काय काय पुसलं इथपासून ते त्याची आई आज असती तर काय म्हणाली असती इथपर्यंत सगळं काढलं. शेवटी तो ओरडायच्या बेतात आला.

"अगं आत्या, वन-वास. वनाचा वास. नाकाने घ्यायचा."

आक्का थबकली. तिने चांगला कान पुढे केला. त्याने पुन्हा सांगितलं, यंत्र, कुपी, झाडं, डॉक्टरीणबाई, सगळं. हळूहळू तिच्या कपाळावरची आठी उतरली आणि ती पदर तोंडाला लावून हसू लागली. रात्रभर आपण डोळ्याला डोळा लावला नाही आणि हा मेला नाकाच्या गोष्टी करत होता, असं म्हणून तिने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "मग सुवास म्हणावं, परिमळ म्हणावं. नुसतं वास म्हटलं की मला वाटतं दूध नासलंय."

तिघं हसली. पेंटर हसता हसता खोकणार होते, त्यांनी ओठ दाबून धरले. आक्का हसतच आत आली, चादर ओलांडून पलंगाच्या कडेला टेकली. मुलाने मोठ्या कौतुकाने वाफ वाढवली.

आक्काचं हसू हळूहळू थांबलं. तिने खिडकीकडे पाहिलं, काचेच्या चारही बाजूंनी गेलेल्या चंदेरी चिकटपट्टीकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं, पुन्हा आलं. मग तिने भावाकडे नीट पाहिलं.

"वास तर आला बाई," ती पुटपुटली. "वन कुठंय?"

मुलगा कुपी दाखवत होता. ते तिने पाहिलंही नाही. "तुला बरं वाटतंय का रे यात?" तिने भावाला विचारलं.

पेंटरांनी मुलाकडे पाहिलं. तो कुपी हातात धरून उत्तराची वाट बघत होता, शाळेच्या फळ्यापुढे उभं राहावं तसा.

"छान वाटतंय," पेंटर म्हणाले.

मुलगा कामावर गेला. त्याची गाडी लांब गेल्याचं ऐकू आलं तसे पेंटर खोकले, आधी सावकाश, मग सगळं अंग हलवून. आक्काने त्यांची पाठ चोळली. यंत्राचं बटण बंद केलं, चादर पायाने दूर लोटली, दार उघडं टाकलं आणि उंबऱ्यातच बसली. बरंच ऐकून घेतल्यावर म्हणाली की आज तो आला की मी त्याला चांगलं सुनावते.

पेंटर नको म्हणाले. अडखळत, दम घेत त्यांनी सांगितलं की आईच्या वेळी पोराच्या हातात काहीच नव्हतं, नुसतं उभं राहून बघायचं होतं. आता त्याच्या हातात काहीतरी आहे. ते कसं काढून घेऊ?

"म्हणजे त्याला बरं वाटावं म्हणून तू मरणार," आक्का म्हणाली. "मग ती भिंत जशी खरवडली तसा स्वतःला खरवडेल तो. हे त्याला देऊन जाणार आहेस?"

आक्काने उठून उगाच पांघरुणाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. घडी घालताना तोंडातल्या तोंडात ओळी आल्याच, तिच्याही नकळत:

"बंधू माझा गं रंगारी, रंग भरी पाटीवर,
ओलं अक्षर गं त्याचं, सुकू द्यावं वाऱ्यावर."

मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मी नाही सांगणार. माझ्या तोंडून गेलं तर भांडण होईल. तुझ्या तोंडून गेलं तर बोलणं होईल." आणि संध्याकाळी मुलाची गाडी वाजली तेव्हा तिने चादर होती तशी दाराशी लावली, बटण दाबलं, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. पेंटरांना तिचा राग आला. वाफ पुन्हा छातीवर येऊन बसली.

मुलगा आला तो हातात खोकं घेऊन. आधीच्यापेक्षा मोठं यंत्र, दोन तोंडांचं. आधीचं लहान पडतंय, आत्या 'वन कुठंय?' म्हणाली म्हणजे तिलाही वास जेमतेमच आला, असा त्याचा समज झाला होता. तो जमिनीवर बसून प्लास्टिक सोडवत होता आणि एकीकडे सांगत होता की हे झोपेतही चालू राहतं, पाणी संपलं की आपोआप शिटी मारतं, उशाशीच ठेवू या. पेंटर त्याचा वाकलेला माथा बघत होते. माथ्यावर, ऐन उमेदीत, पांढरे केस दिसत होते. हे कधी झाले?

नव्या यंत्राने पहिला मोठा फुत्कार टाकला, आणि खोकला आला. उशी लांब होती. न्हाणीघर त्याहून लांब. सगळे दिवस कोंडलेला खोकला एकदम बाहेर आला, छाती पिळवटत, डोळे पांढरे करत. मुलगा घाबरून धावला आणि त्याने जे सुचलं ते केलं. वाफेची दोन्ही तोंडं वडिलांच्या चेहऱ्याकडे वळवली.

पेंटरांनी त्याचं मनगट धरलं. पाट्यांवर सरळ रेघ ओढणारा तो हात अजून घट्ट होता.

"बंद कर," ते म्हणाले. "यात मला श्वास घेता येत नाही."

यंत्र बंद झालं. मुलगा तसाच वाकून उभा.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत?"

पेंटरांनी उत्तर जुळवायचा प्रयत्न केला. त्याच्या चेहऱ्याचं सांगावं, हसण्याचं सांगावं. पण दम पुरला नाही. "तू हसायचास रे," इतकंच ते म्हणाले.

मुलाचं तोंड पडलं, पण पेंटरांना वाटलं होतं तसं नाही. तो चिडला. मी रोज विष घालत होतो आणि तुम्ही रोज मान डोलवत होतात, मला काय कुक्कुलं बाळ समजता, असं तो बोलला, आवाज चढवून बोलला; मग बाहेरच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. आक्काने पुढे केलेला चहा त्याने घेतला नाही. पेंटर आत, तो बाहेर, मध्ये उघडं दार. दार उघडं असूनही बराच वेळ कुणी ते ओलांडेना.

मग तो उठला, चाकू घेतला आणि खिडकीशी गेला. चिकटपट्टी उत्तम प्रतीची होती. त्याच्या हाताने लावलेली. सुटेना. सुटली तिथे चौकटीचा रंग घेऊन सुटली. चौकट इतक्या दिवसांत फुगून बसली होती. त्याने खांदा लावला, दोनदा घसरला, स्वतःलाच शिवी दिली. शेवटी झडप वीतभर सरकली आणि तिथेच अडली. रस्त्याचा गलका आत आला, मागोमाग धूर.

"ही हवा?" तो म्हणाला. "यात बरे होणार तुम्ही?"

"यात नाही होणार," पेंटर म्हणाले. "पण हिची जा-ये तरी होते."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मुलाने वर्कशॉपची गाडी मागून आणली. ऐन हंगामात सुट्टी घेतली म्हणून मालकाची बोलणी खाऊन आणली. वडिलांना पाठीवर घेऊन जिना उतरला. आक्का मागून उशी आणि पाण्याची बाटली घेऊन, जपून रे, माझ्या भावाला रंगाच्या डब्यासारखा सांडू नकोस, असं बजावत. गाडीच्या हौद्यात जुन्या एसीच्या पत्र्यांवर ती ऐटीत बसली. शहराची शेवटची बस जिथून परत फिरते, तिथून पुढे झाडी सुरू होत होती.

उंच, सरळ, सुईसारख्या पानांची झाडं. मुलाने वडिलांना एका ओंडक्यावर टेकवलं आणि तो नाक वर करून उभा राहिला. जरा इकडे गेला, जरा तिकडे गेला. त्याला काळजी वाटू लागली.

"काहीच वास येत नाही," तो म्हणाला. "कुपीचा शंभरावा हिस्साही नाही."

"नसेल नाकाला कळत," आक्का म्हणाली. "तुझ्या बापाला कळतंय बघ."

पेंटर खोकले. लपवायला उशी हाताशी होती; त्यांनी ती घेतली नाही. खोकून झाल्यावर श्वास आत गेला, अर्ध्यावर अडला, पुन्हा गेला. बरं वाटलं असं म्हणण्याइतकं काही झालं नव्हतं. छाती अजून जुन्या बिजागरीसारखी करकरत होती, आणि संध्याकाळी पुन्हा तीच खोली, तीच वीतभर सरकलेली झडप. मुलगा बुंध्याला पाठ टेकून बसला आणि सांगू लागला की चौकट तासून घेईन, समोरच्या भिंतीला उलट फिरणारा पंखा बसवीन, म्हणजे आतली हवा बाहेर जाईल, आणि दर सुट्टीला इथे... वाक्य तिथेच राहिलं. आक्काने पाहिलं तर त्याची मान छातीवर कलली होती. तोंड किंचित उघडं. आई गेल्यापासून तो असा, उजेडात, बसल्या जागी झोपलेला कुणी पाहिला नव्हता.

त्याच्या खिशातला फोन किंचाळला. पेंटरांनी हात लांबवून तो काढला. पलीकडे कुणीतरी तापलेलं होतं. एसी बंद पडलाय, जीव चाललाय, मेकॅनिकला ताबडतोब पाठवा.

"मेकॅनिक झोपलाय," पेंटर हळू आवाजात म्हणाले. "उठला की सांगतो." आणि फोन बंद करून आक्काच्या पिशवीत टाकला.

ऊन झाडांमधून सरकत होतं. सरकत सरकत ते मुलाच्या गुडघ्यावर आलं, छातीवर आलं, आणि त्याच्या मिटलेल्या डोळ्यांवर पोचलं. त्याच्या पापण्या थरथरल्या. पेंटरांनी एक हात ओंडक्यावर रोवला, दुसरा आक्काच्या खांद्यावर, आणि ते उठले. आजारपणानंतर प्रथमच घराबाहेर स्वतःच्या पायांवर उठले. दोन पावलं टाकून ऊन आणि मुलगा यांच्यामध्ये उभे राहिले. त्यांची सावली त्याच्या तोंडावर पडली.

"बस की," आक्का कुजबुजली. "दम लागेल."

"लागू दे," पेंटर म्हणाले.